मिटलं, पण मुंबईला जाऊन

भारतीय दंड संहितेत कलम ४९८ (अ) आलं ते १९८३च्या डिसेंबरात. तेव्हापासून नाशिकच्या वर्तमानपत्रांत एक बातमी साच्यातून काढल्यासारखी येत राहिली : माहेरून पैसे आणावेत म्हणून विवाहितेचा छळ, पतीसह सासू-सासरे, दीर, नणंदेवर गुन्हा. बदलायचं ते फक्त कारण. कधी ट्रॅक्टर, कधी प्लॉट, बाग बसली की औषधांची उधारी.

गुन्हा अजामीनपात्र. शुक्रवारी संध्याकाळी उचललं तर काय, या धास्तीने सासरची मंडळी सीबीएस बसस्थानकासमोरच्या जिल्हा न्यायालयात अटकपूर्व जामिनाला धावायची. अंतरिम संरक्षण मिळायचं, पोलिसांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवला जायचा आणि त्यात हमखास एक ओळ असायची : स्त्रीधन हस्तगत करायचं आहे, आरोपींची कोठडी हवी. मग लग्नातल्या दागिन्यांची यादी निघायची. गंठण कोणी केलं, पाटल्या कोणाकडे आहेत, यावर तारखा पडायच्या. मधेच कोर्ट विचारायचं, मिटतंय का? जामिनाची सुनावणी अशी हळूहळू तडजोडीची बैठक होऊन बसली.

तडजोडीला विरोध असायचं कारण नाही. मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो बाईचं आधी ऐकून घ्यायला. पण अटकेच्या भीतीवर होणारी बोलणी वेगळी. २ जुलै २०१४ला सर्वोच्च न्यायालयाचा अर्नेशकुमार निकाल आला : सरसकट अटक नको, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१-अची नोटीस द्या. निरपराध नणंदांची सुटका झाली हे खरंच. पण स्त्रीधन परत मिळवायला बाईच्या हाती जो दबाव होता, तोही सैल झाला. हा हिशोब निकालाचं कौतुक करणारे सहसा मांडत नाहीत.

२०१७ मध्ये त्याच न्यायालयात राजेश शर्मा प्रकरणात तक्रारी आधी कुटुंब कल्याण समितीकडे पाठवायचं ठरलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच त्या समित्या काढल्या. जुलै २०२५ मध्ये शिवांगी बन्सल प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयाची तशीच मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. दोन महिने थांबा, मग अटकेचं बघू. म्हणजे फिरून तिथेच.

शिवाय नाशिकमध्ये मिटलं तरी नाशिकमध्ये संपत नाही. महाराष्ट्रात हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. आंध्रने मात्र २००३ मध्येच तशी दुरुस्ती केली. इथे गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयच गाठावं लागतं. शेजारच्या नगरची माणसं औरंगाबाद खंडपीठात जातात, आपल्याला मुंबई. फारकत ठरलेले नवरा-बायको सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने वेगवेगळ्या डब्यांतून फोर्टला जातात, कारण तिची संमती कोर्टासमोर यावी लागते. तडजोडीच्या रकमेचा शेवटचा हप्ताही बहुधा त्याच तारखेला राखून ठेवलेला असतो. तो हाती पडल्याशिवाय ती सही करत नाही, आणि शहाणा वकील तिला करूही देत नाही.

२०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केंद्राला सुचवलं, हा गुन्हा कोर्टाच्या परवानगीने मिटवता येण्याजोगा करा. कोर्टाचं म्हणणं होतं : संमतीने रद्द करण्याचे रोज किमान दहा अर्ज येतात, माणसं खेड्यापाड्यांतून येतात. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. ४९८ (अ)चं कलम ८५ झालं, मिटवता न येण्याची अट तशीच राहिली.