तारेखालची त्वचा

गिटार शिकायला लागलेल्या कुणाचाही डावा हात पहिल्या आठवड्यात जवळून पाहावा. बोटांच्या टोकांवर तारांच्या लाल खाचा उमटलेल्या असतात. बारीक तारेची खाच गुळगुळीत असते. जाड तारांवर कांस्याच्या सुताचे वेढे असतात. त्यांची खाच भिंगातून पाहिली, तर आत ओळीनं आडव्या रेघा दिसतात. बोटं इतकी हुळहुळी झालेली असतात, की मोबाइलच्या काचेला टेकली तरी चुणचुणतात. याच टप्प्यावर अनेकांना वाटतं, आपली बोटं गिटारसाठी नाहीतच. खरं तर नेमक्या याच दिवसांत त्या बोटांत जे काही चाललेलं असतं, ते कळल्यापासून मला गिटारच्या सुरांइतकंच तिच्यामुळे होणाऱ्या दुखण्याचंही नवल वाटतं.

आधी तारेचा जोर पाहू. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर सगळ्यात बारीक तार साधारण ०.३ मिलिमीटर जाडीची असते. ती सुरात येते तेव्हा तिच्यावर १० किलोच्या आसपास ताण असतो. सहाही तारांचा मिळून ७० किलोच्या पुढे जातो. समजा, बोटानं अर्धा किलो जोर लावला आणि तार बोटाच्या एक सेंटिमीटर लांबीला टेकली, तर दाब निघतो चौरस सेंटिमीटरला १६ किलोहून जास्त. मोटारीच्या टायरमध्ये हवा असते सव्वादोन-अडीच किलोची! मांस दबून तारेभोवती पसरतं, म्हणून प्रत्यक्षातला दाब यापेक्षा कमी भरतो. पण सुरुवातीला तारेखालची त्वचेची बारीक रेघ किती सोसते, याची कल्पना येते. तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे त्यांच्या खालच्या पट्टीपासून, फार उंच असतील तर हा जोर विनाकारण वाढतो. त्या खाली घेता येतात, आणि नवशिक्याची गिटार जाणत्या माणसाला एकदा दाखवावीच. नायलॉनच्या तारा जाड आणि कमी ताणाच्या असतात, त्यामुळे त्या बोटांना सोप्या जातात. मात्र त्या क्लासिकल गिटारलाच लावायच्या.

आता त्वचेचं उत्तर. बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या पेशी आयुष्यभर विभागत राहतात. नव्या पेशी वर सरकतात, वाटेत केराटिन या चिवट प्रथिनानं भरत जातात आणि पृष्ठभागावर पोचेपर्यंत मरतात. हा प्रवास साधारण महिनाभराचा. एकाच जागी वारंवार दाब आणि घर्षण झालं, की तळाच्या पेशी जास्त वेगानं विभागू लागतात आणि वरचा मेलेला थर झडण्याआधीच खालून नवा येऊन मिळतो. हाच घट्टा. सतारियांच्या डाव्या हाताच्या बोटांवरही तो असतो, कारण मींड घेताना दाबलेली तार आडवी खेचावी लागते. सारंगियांची गोष्ट आणखी वेगळी: ते तारेला नखाच्या मुळापाशी असलेल्या त्वचेनं भिडतात, आणि घट्टे तिथे पडतात.

पण हेच घर्षण घाईनं झालं, तर बाह्यत्वचेच्या आतले थर एकमेकांपासून सुटतात, मध्ये पाणी भरतं आणि फोड येतो. त्वचा तीच, तारही तीच. त्वचेला मधे उसंत मिळाली की घट्टा होतो, नाही मिळाली की फोड. म्हणून रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोज दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा वाजवणं केव्हाही चांगलं. फोड आलाच तर तो फोडू नये, बरा होईपर्यंत थांबावं. आंघोळ किंवा भांडी झाल्या झाल्या गिटार घेऊ नये; केराटिन पाणी शोषून फुगतं आणि मऊ पडतं.

मात्र दुखणं थांबण्याचं सगळं श्रेय घट्ट्याला देणं मला पटत नाही. नवशिका लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त जोर लावत असतो. तारेवर बोट नुसतं टेकवा, ती छेडत राहा आणि जोर हळूहळू वाढवा. आधी थप्प आवाज येतो, मग खरखर, आणि मग एका क्षणी सूर स्वच्छ निघतो. बस, तेवढाच जोर पुरे. बोट दोन फ्रेटच्या, म्हणजे पट्टीवरच्या धातूच्या आडव्या दांड्यांच्या, मधोमध न ठेवता पुढच्या फ्रेटच्या अगदी मागे ठेवलं, तर तो आणखी कमी लागतो.

हे मोजमाप करतं कोण? बोटाचं टोकच. तिथल्या चौरस सेंटिमीटरभर त्वचेत स्पर्श टिपणारे २४०च्या आसपास मज्जातंतू पोचलेले असतात. त्यांतले काही दाब टिपतात, काही निसटणं, तर खोलवर बसलेल्या पॅसिनियन कणिका कंपनं टिपतात. या कणिका सर्वांत तल्लख असतात सेकंदाला २५० कंपनांच्या आसपास. आणि गिटारची मोकळी दुसरी तार कंप पावते सेकंदाला २४७ वेळा! घट्टा पडतो वरच्या थरात, कणिका असतात खाली. त्यामुळे कवच चढलं तरी कंपन आत पोचतंच.

ही जाणीव गेली तर काय होतं, ते गिटारवादक टोनी आयोमीनं सोसलं. १९६५मध्ये बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, कामाच्या शेवटच्या दिवशी, सतरा वर्षांच्या या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं हीच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. टोपणांतून तार जाणवेना, म्हणून जोर जास्त लागे. तो कमी करायला त्यानं बॅन्जोच्या बारीक तारा लावल्या. पुढे त्यानं तारा सैल करून सूरही खाली आणले. ब्लॅक सबाथ या त्याच्या बँडचा तो जड, खोल आवाज या गिटारमधून आला.

सरावानं बोटांबरोबर वाजवणाऱ्याचा मेंदूही बदलतो. १९९५मध्ये थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी नऊ तंतुवादकांचे मेंदू तपासले; त्यांत एक गिटारवादक होता. इतरांच्या तुलनेत त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना मेंदूत जास्त प्रतिसाद मिळत होता, आणि ज्यांनी लहानपणी सुरुवात केली होती त्यांच्यात तो अधिक ठळक होता.

वाजवणं थांबलं की काही आठवड्यांत घट्टा झडून जातो. पुन्हा गिटार हातात घेतली की बोटं परत हुळहुळतात, पण कॉर्ड कुठे आहे आणि ती किती दाबायची, हे हाताला ठाऊक असतं. त्यामुळे या वेळी तारेची खाच पहिल्याइतकी खोल उमटत नाही.