आपला वॉर्ड, आपला नगरसेवक

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही एके काळी गावेच होती. त्यांचा कारभार लहान नगरपालिका पाहात. घाटकोपर-किरोळची अशीच एक नगरपालिका होती. १९५० साली जोगेश्वरी व भांडुपपर्यंतचा भाग मुंबई महानगरपालिकेत आला. १९५७ साली हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत गेली.

हद्द वाढली, पण मोठी कचेरी राहिली दूर बोरीबंदरला. मग नळाला पाणी नाही, गटार तुंबले, तर सांगायचे कुणाला?

त्यासाठी जवळ वॉर्ड कचेरी असते. घाटकोपरची 'एन', मुलुंडची 'टी', बोरिवलीची 'आर मध्य'. अंधेरीच्या दोन : 'के पूर्व' व 'के पश्चिम'.

दुसरा आधार नगरसेवकाचा. २०१७ साली मुंबईने २२७ नगरसेवक निवडले. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव होत्या. नगरसेवक सभेत प्रश्न विचारतो, खर्चाला मंजुरी देतो. प्रत्यक्ष काम करून घेतात ते आयुक्त. त्यांना राज्य सरकार नेमते. म्हणजे एक विचारणारा, दुसरा करणारा. विचारणाराच नसला तर?

तसेही घडले. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. निवडणूक वेळेवर झाली नाही. आयुक्तच प्रशासक झाले. पुढे काही वर्षे वॉर्डांना नगरसेवक नव्हता.

अशा वेळी कागद कामी येतो बरे! अर्ज लिहा. चाळीतल्या सर्वांच्या सह्या घ्या. कचेरीत देऊन नकलेवर शिक्का व तारीख घ्या. तोंडी तक्रार विसरली जाते; शिक्क्याचा कागद उत्तर मागतो.

आता तुम्हाला लिहिता येते. अर्जासाठी दुसऱ्याच्या दारी कशाला जायचे?