टेट यांचं गणित चुकलं नव्हतं

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर साउथपोर्टजवळ रॉयल बर्कडेल हे गोल्फचं मैदान आहे. २००८ साली ‘द ओपन’ ही स्पर्धा इथे झाली आणि आयर्लंडच्या पॉड्रिग हॅरिंग्टनने ती जिंकली, तीही पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, तीन फटके जास्त खेळून. २०१७ साली त्याच मैदानावर अमेरिकेचा जॉर्डन स्पीथ जिंकला, तो पारपेक्षा बारा फटके कमी खेळून. म्हणजे एकाच मैदानावरच्या दोन विजेत्यांमध्ये पंधरा फटक्यांचं अंतर पडलं. हॅरिंग्टन काही स्पीथपेक्षा इतका कमअस्सल नव्हता; आदल्या वर्षीची ओपनही त्यानेच जिंकली होती. २००८ च्या त्या चार दिवसांत बर्कडेलवर जो वारा सुटला होता, त्याने सगळ्यांचेच आकडे फुगवले. ओपनची बातमी वाचताना आपण खेळाडूंची नावं वाचतो. पण या स्पर्धेचा निकाल समजून घ्यायचा तर वाऱ्यात फिरत जाणाऱ्या चेंडूचं विज्ञान समजायला हवं. ते प्रथम कागदावर मांडणाऱ्या माणसाबद्दल मात्र गेली सव्वाशे वर्षं एक चुकीची गोष्ट मजेने सांगितली जाते.

ओपन १८६० साली स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला सुरू झाली. तेव्हा फक्त आठ खेळाडू उतरले होते. तेव्हापासून आजतागायत ती समुद्रकाठच्या ‘लिंक्स’ मैदानांवरच खेळली जाते. शेतीला निरुपयोगी अशी ही वाळूची पट्टी, तिच्यावर टेकड्या आणि आखूड, चिवट गवत. पाणी लगेच झिरपतं, जमीन टणक राहते आणि पडलेला चेंडू लांबवर घरंगळतो. झाडं जवळजवळ नसतातच. वाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. झाडं आणि घरं जमिनीलगतच्या वाऱ्याचा जोर खातात. समुद्राचा पृष्ठभाग त्या मानाने फारच गुळगुळीत असल्यामुळे तिथून आलेला वारा जोर टिकवून किनाऱ्यावर येतो. तरीही उंचीबरोबर वेग वाढतोच. टी-वर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभ्या खेळाडूच्या गालाला लागणारा वारा आणि वीस-पंचवीस मीटर वर गेलेल्या चेंडूला भेटणारा वारा हे दोन वेगळे वारे असतात.

आता ती गोष्ट. पीटर गथ्री टेट हे १८६० पासून एडिंबरा विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. शाळासोबती जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीही त्याच जागेसाठी अर्ज केला होता; नेमणूक टेट यांची झाली. केल्विन यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेल्या ग्रंथावर इंग्लंड-स्कॉटलंडच्या भौतिकीची एक पिढी शिकली, आणि गाठींच्या गणिताचे तर ते आद्य प्रवर्तकच. सुट्टी लागली की ते सेंट अँड्र्यूजला जात आणि दिवसभर गोल्फ खेळत. चेंडूंना अंधारात चमकणारा लेप लावून रात्रीचा डावही त्यांनी एकदा मांडला होता आणि त्यात एका रसायनशास्त्रज्ञ मित्राच्या हातमोज्याने पेट घेतला होता. त्यांचा मुलगा फ्रेडी हौशी खेळाडूंमधला त्या काळचा हिरा. ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा त्याने १८९६ आणि १८९८ साली जिंकली, ओपनमध्येही तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. गोष्ट अशी सांगतात : प्राध्यापकांनी गणित करून सिद्ध केलं की चेंडू हवेतून सुमारे १९० यार्डांपलीकडे जाऊच शकत नाही, आणि जानेवारी १८९३ मध्ये फ्रेडीने सेंट अँड्र्यूजवर असा फटका मारला की चेंडू अडीचशे यार्ड हवेतून गेला आणि गोठलेल्या जमिनीवर आणखी घरंगळला. मुलाने बापाचं गणित मोडीत काढलं. पुस्तकी पांडित्यावर हाताच्या कसबाने केलेली मात म्हणून ही गोष्ट लोकांना आवडते आणि म्हणूनच ती टिकली.

ती खरी का नाही, हे टेट यांच्या स्वतःच्या युक्तिवादावरूनच कळतं. चेंडूला हवा अडवते हे धरलं, पण चेंडू फिरत नाही असं मानलं, तर चांगल्या खेळाडूचा फटका किती लांब जाईल? सुमारे १९० यार्डांची मर्यादा या प्रश्नाचं उत्तर आहे. आणि टेट यांनी ते उत्तर मांडलं ते नेमकं हेच दाखवायला की प्रत्यक्षातला चेंडू याहून लांब जातो, अर्थात गृहीतकात काहीतरी राहून गेलं आहे. दुसरा पुरावा त्यांनी घड्याळावरून घेतला. चांगला फटका सहाएक सेकंद हवेत राहतो. आता शाळेतलं साधं सूत्र लावा. निव्वळ गुरुत्वाकर्षणाखाली सहा सेकंद हवेत राहायचं तर चेंडूला साधारण ४४ मीटर उंच जावं लागेल, म्हणजे चौदा-पंधरा मजली इमारतीइतकं. पण तेव्हाचे नावाजलेले ड्राइव्ह, म्हणजे टी-वरून मारलेले लांब फटके, तर बुटके असत; सुरुवातीला जवळजवळ सरळ रेषेत, कधीकधी तर किंचित वरच्या बाजूला वळत जात. याचा अर्थ कोणीतरी चेंडूला वाटेत खालून उचलत आहे. ते बळ कुठून येतं, याचं उत्तर टेट यांनी ‘नेचर’मधल्या लेखांतून दिलं : चेंडूच्या उलट फिरकीतून, म्हणजे त्याचा वरचा भाग खेळाडूकडे आणि खालचा भाग पुढे अशा फिरण्यातून. हे लेख १८९०-९१ चे आहेत, फ्रेडीचा तो प्रसिद्ध फटका १८९३ चा. मुलाच्या फटक्याने बापाचा सिद्धान्त पडला नाही. उलट त्याला भक्कम उदाहरण मिळालं.

टेट नुसत्या तर्कावर थांबले नाहीत, आणि त्यांनी केलेला प्रयोग इतका सुरेख आहे की तो तपशिलाने सांगायलाच हवा. एक लांब, पीळ नसलेली फीत घ्यायची. तिचं एक टोक चेंडूला आणि दुसरं जमिनीला पक्कं करायचं. समोर एक-दोन यार्डांवर घट्ट चिकणमातीची भिंत. कसलेल्या खेळाडूने नेहमीच्या जोराने चेंडू त्या मातीत हाणायचा. चेंडू मातीत रुतून बसतो आणि त्याच्याबरोबर ओढत गेलेल्या फितीला पीळ पडलेले असतात. ते मोजायचे. एवढ्याशा अंतरात चेंडूने किती गिरक्या घेतल्या ते फीत सांगते, पीळ कोणत्या बाजूचे आहेत त्यावरून फिरण्याची दिशा कळते. पीळ दरवेळी उलट फिरकीचेच निघाले, आणि त्यांवरून टेट यांनी सेकंदाला चाळीस ते एकशेवीस फेऱ्यांचा अंदाज बांधला. आज रडार लावून व्यावसायिक खेळाडूंच्या ड्राइव्हची फिरकी मोजतात, ती मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला चाळीसच्या थोडी वर भरते. ना वेगवान कॅमेरा, ना वीज. एक फीत आणि चिखलाचा ढिगारा, आणि तरीही उत्तर योग्य घरात! एकोणिसाव्या शतकातल्या प्रायोगिक भौतिकीचा याहून सुंदर नमुना दाखवणं कठीण आहे.

फिरकीने चेंडू उचलला कसा जातो? नळाच्या बारीक धारेला चमच्याची फुगीर बाजू हलकेच टेकवा. धार चमच्याला चिकटून वळते आणि चमचा धारेकडे ओढला जातो. पाण्याला एका बाजूला वळवलं, तर वळवणाऱ्याला दुसऱ्या बाजूला बळ मिळतं. उलट फिरकीचा चेंडू वरच्या बाजूची हवा जास्त वेळ आपल्याला चिकटवून ठेवतो आणि मागे गेलेला झोत खाली ढकलतो. म्हणून स्वतः वर उचलला जातो. आजच्या नियमांनुसार चेंडूचं वस्तुमान जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. ड्राइव्हच्या सुरुवातीला ही उचल त्या वजनापेक्षाही जास्त असू शकते, आणि टेट यांनी नोंदवलेला तो वर वळणारा मार्ग म्हणजे याचाच परिणाम. पुढे १९१० साली जे. जे. थॉमसन यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूवर व्याख्यान दिलं तेव्हा त्यांनी चेंडू उडवलेच नाहीत. विद्युतभारित कणांचा झोत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून सोडून त्यांनी पडद्यावर गोल्फच्या फटक्यांचे मार्ग काढून दाखवले. वेगाच्या काटकोनात लागणारं, वेगाच्या आणि फिरकीच्या प्रमाणातलं टेट यांनी धरलेलं बळ आणि चुंबकीय क्षेत्रातल्या कणावरचं बळ यांचं गणिती रूप एकच, म्हणून हे जमलं. इलेक्ट्रॉनच्या शोधकर्त्याने इलेक्ट्रॉनकडून गोल्फ खेळवून घ्यावा, यात भौतिकीचा सगळा आनंद आहे.

फिरकीने चेंडू वळण्याच्या या परिणामाला जर्मन शास्त्रज्ञ मॅग्नस यांचं नाव आहे, टेट यांचं नाही. आणि काटेकोर न्याय करायचा तर ते इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यांचं असायला हवं होतं. मॅग्नस यांचं काम १८५२ चं. त्याच्या शंभर वर्षं आधी रॉबिन्स यांनी मुद्दाम एका बाजूला वाकवलेल्या नळीची बंदूक उडवून दाखवलं की गोळी आधी वाकलेल्या दिशेने निघते आणि मग फिरकीमुळे विरुद्ध बाजूला वळते. ऑयलर यांच्यासारख्या दिग्गजाने त्यांचं स्पष्टीकरण मानलं नाही. गोळीच्या ओबडधोबडपणावर दोष टाकला. रॉबिन्स नंतर ईस्ट इंडिया कंपनीचे इंजिनिअर म्हणून भारतात आले आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारले. तेव्हा टेट यांनी हा परिणाम शोधला, असा दावा नाही. लांब फटक्याचं मूळ त्यात आहे हे त्यांनी ओळखलं, मोजलं आणि चेंडूचा मार्ग त्यावरून काढून दाखवला, हा त्यांचा वाटा. तोही काही लहान नाही.

समुद्राच्या वाऱ्यात हे सगळं ठळकपणे दिसतं. चेंडू सेकंदाला ७० मीटर वेगाने निघाला आणि समोरून १० मीटरचा वारा आला, तर हवेच्या हिशेबी चेंडूचा वेग ८० झाला. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो सुमारे ३१ टक्क्यांनी वाढला. शिवाय उचलही वाढली. चेंडू फुग्यासारखा वर चढतो, तिथे त्याला अधिक जोराचा वारा भेटतो, आणि तो जवळजवळ उभा खाली येतो. पडल्यावर घरंगळतही नाही. वाऱ्याविरुद्ध जोर लावून मारणारा नवखा म्हणूनच फसतो : जोराबरोबर फिरकीही वाढते. लिंक्सवर वाढलेले खेळाडू अशा वेळी चेंडू जरा मागच्या पायाकडे घेतात, कमी कोनाचा क्लब निवडतात आणि फटका हळू मारतात. बुटका, कमी फिरकीचा चेंडू वाऱ्याच्या खालून निघून जातो. ब्रिटनमध्ये पूर्वी ४१.१५ मिलिमीटर व्यासाचा चेंडू चालत असे, अमेरिकेत ४२.६७ चा. वजनाची मर्यादा सारखीच, पण हवेला सामोरं जाणारं क्षेत्रफळ ब्रिटिश चेंडूचं सात टक्क्यांनी कमी, म्हणून समोरच्या वाऱ्यात तो सरस. १९७४ पासून ओपनमध्ये मोठा चेंडू सक्तीचा झाला आणि किनाऱ्यावरचा वारा आणखी बोचू लागला.

टेट यांना दिलेल्या या श्रेयावर एक आक्षेप रास्त आहे. चेंडूवरच्या खळ्यांचं महत्त्व टेट यांना उमगलं नव्हतं. गटापर्चाचे गुळगुळीत चेंडू नीट उडत नसत आणि वापरून ओरखडे पडले की सुधारत, हे खेळाडूंना अनुभवाने कळलं होतं. १९०५ साली विल्यम टेलर यांनी खळ्यांच्या चेंडूचं पेटंट घेतलं, आणि कारण समजायला प्रांट्ल यांचा सीमास्तराचा, म्हणजे पृष्ठभागालगतच्या हवेच्या पातळ थराचा, विचार यावा लागला : खळ्यांमुळे चेंडूलगतची हवा खवळते, जास्त वेळ चिकटून राहते आणि रोध जवळपास निम्म्यावर येतो. गुळगुळीत चेंडूवर काही वेगांना फिरकीचं बळ उलट्या दिशेलाही लागतं, हे १९४९ साली डेव्हिस यांच्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे टेट यांचं समीकरण खडबडीत चेंडूलाच लागू. मान्य. पण त्यांच्या काळात खेळले जाणारे चेंडू खडबडीतच होते, आणि पुढच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या चौकटीत भर घातली, ती मोडली नाही. खेळाडूंना हे सगळं हाताने ठाऊकच होतं, हा दुसरा आक्षेप मात्र टिकत नाही. कोणतीही फिरकी वाईटच, ही त्या काळातली शिकवण होती आणि टेट स्वतः तीच ऐकत मोठे झाले होते. लांब फटक्याचं श्रेय लोक मनगटाच्या ताकदीला देत.

आणि वाऱ्यामुळे ओपन म्हणजे निव्वळ सोडत होते, असं म्हणणाऱ्यांना? एखाद्या दिवशी ते खरंही असतं. २००२ साली म्युअरफील्डला शनिवारी दुपारी वादळी पावसात सापडलेल्या टायगर वूड्सला ८१ फटके लागले. सकाळी खेळून गेलेले वाचले. पण टॉम वॉटसनने पाच वेळा ओपन जिंकली, आणि त्या पाचही वेळा मैदान वेगळं होतं. पीटर थॉमसननेही पाच, हॅरी व्हार्डनने सहा. सोडतीत तीच तीच नावं येत नसतात. या खेळाडूंना चेंडूची उंची आणि फिरकी वाऱ्याच्या मानाने बदलता येत होती, आणि त्याच दोन राशी टेट यांच्या समीकरणांच्या मध्यभागी आहेत.

फ्रेडी टेट बोअर युद्धात फेब्रुवारी १९०० मध्ये मारला गेला, आणि पुढच्या वर्षी जुलैत त्याचे वडील गेले. आपली बाजू मांडायला दोघंही फार काळ उरले नाहीत, आणि विनोदी गोष्ट तेवढी पुढे चालत राहिली. गोल्फच्या पुस्तकांत ती अजून भेटते. ती सांगायचीच असेल तर १९० यार्डांच्या पुढे ‘चेंडू फिरत नसेल तर’ एवढे शब्द जोडून सांगावी.