डिस्चार्जनंतरचा वृद्ध रुग्ण आणि आपण

खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेले किंवा पक्षाघातातून सावरलेले वडील 'आता घरी न्या' असे रुग्णालय सांगते, तेव्हा कुटुंबाची बहुधा काहीच तयारी नसते. मुलगा परगावी, सून नोकरीला, आई स्वतःच गुडघ्यांनी बेजार. 'यांना ठेवायचे कुठे?' हा प्रश्न बिलाच्या खिडकीसमोर उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी तीच मंडळी आपल्या दवाखान्यात येतात. मागणी एकच असते : 'वैद्यराज, ताकदीचे काहीतरी द्या.'

त्या दिवशी रसायनाची घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रथम डिस्चार्ज कार्ड वाचावे आणि औषधांची सारी पिशवी टेबलावर रिकामी करावयास सांगावी. तीत रुग्णालयाने दिलेल्या गोळ्या, दाखल होण्यापूर्वीच्या गोळ्या आणि शेजाऱ्यांनी सुचविलेली चूर्णे एकत्र नांदत असतात. एकच औषध दोन कंपन्यांच्या निराळ्या नावांनी दोनदा घेतले जाणे नित्याचेच आहे. आपले औषधविक्रेते बंधू हे सर्वांत आधी ओळखू शकतात. मात्र त्यासाठी नवी चिठ्ठी देताना जुनी मागून पाहावी लागते.

आपल्या औषधांबाबतही तितकेच जागरूक राहावयास हवे. वॉरफॅरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असता लसणाचे वा गुग्गुळाचे कल्प सहज म्हणून देऊ नयेत. यष्टिमधु मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिल्यास पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो; लघवीच्या गोळ्या आणि डिगॉक्सिन घेणाऱ्यास ते धोक्याचे. इन्सुलिनवर असलेल्या वृद्धास मधुनाशिनीची जोड दिल्यास साखर एकाएकी उतरू शकते, आणि त्यामुळे झालेली गुंगी घरचे लोक 'वयामुळे' म्हणून सोडून देतात. इसबगोल व इतर गोळ्या यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर एकच पोटरी सुजलेली, दुखरी व गरम असेल तर अभ्यंग अजिबात करू नये; नीलेत रक्ताची गुठळी नाही ना, याची सोनोग्राफीने खात्री आधी करून घ्यावी.

आता जागेचा प्रश्न. चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चार पादांत उपस्थात्याची गणना केली आणि त्याच्या ठायी उपचाराची जाण, दक्षता, रुग्णाविषयी माया व शुचिता अपेक्षिली. आज ब्यूरोकडून येणाऱ्या मावशींत हे सारे मिळेलच असे नाही. पण जाण तरी देता येते. म्हणून 'कुठे' या प्रश्नाआधी 'रात्री दोन वाजता कूस कोण बदलणार?' असे कुटुंबास विचारावे. शय्याव्रण टाळण्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहावी लागते. नाकातील नळीने अन्न देताना डोक्याकडची बाजू उंच हवी. वॉर्डातील सिस्टरनी ही कामे नुसती सांगून भागत नाही. सांभाळणाऱ्या व्यक्तीने ती डिस्चार्जपूर्वीच त्यांच्या देखरेखीखाली स्वतः करून पाहावीत.

घरी हे अशक्य असेल तर संस्था पाहावी; त्यात कमीपणा मानू नये. मात्र अनेक वृद्धाश्रम चालत्याफिरत्या व्यक्तींनाच घेतात, अंथरुणास खिळलेल्यांस नाही. ही चौकशी फोनवरच करावी. भेट द्यायची तर सायंकाळी जेवणाच्या वेळी द्यावी. रात्रपाळीस किती माणसे असतात, प्रकृती बिघडल्यास कोणत्या रुग्णालयात नेतात, अनामत रक्कम कोणत्या अटीवर परत मिळते, हे लेखी घ्यावे. आधी पंधरा दिवस ठेवून पाहावे. आणि हे सर्व ठरविताना वडिलांना विचारावे. ते शुद्धीवर असूनही चर्चा बाहेरच्या व्हरांड्यात चालते, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

खर्चाविषयी थोडे. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार, रुग्णालयाची डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने कॅशलेसची अंतिम मंजुरी द्यावयाची असते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान योजना खुली झाली आहे. मात्र तिचा लाभ योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांपुरता आहे. डिस्चार्जनंतर १५ दिवसांच्या औषधांची तरतूदही तीत आहे, परंतु दीर्घकालीन शुश्रूषेचा खर्च तीतून मिळत नाही.

रुग्णशय्येवरच घराच्या कागदांवर सही घेण्याचा प्रकार कानी येतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. कागदात ती अट स्पष्ट लिहिलेली असल्यास पुढे वाद कमी होतो. आपणांस साक्षीदार म्हणून बोलावले तर तेवढे वाचूनच सही करावी. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८ चालते. हा क्रमांक दुकानाच्या काउंटरवर चिकटवून ठेवण्यास फारशी जागा लागत नाही.