मुलीचं नाव फुटबॉलला घालताना

सारोळ्याला नीरेवरच्या पुलापाशी उभं राहिलं की हमरस्ता दोन्ही अंगांना पळताना दिसतो. पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा लागला. तसंच पुढे तीन-साडेतीन तास गेलं की कोल्हापूर, जिथे फुटबॉलच्या मॅचला पोलीस बंदोबस्त लागतो. उलट्या बाजूला कात्रज आणि तिथून बाह्यवळणानं बालेवाडी. तिथल्या शिवछत्रपती क्रीडानगरीत २०२२ साली महिलांच्या आशियाई चषकाचे सामने झाले. महाराष्ट्रातल्या फुटबॉलची दोन मोठी ठिकाणं अशी एकाच रस्त्यावर आहेत. मधल्या गावांत मुली कबड्डी खेळतात, खो-खो खेळतात, शाळेच्या शर्यतीत पळतात. फुटबॉल मात्र येता-जाता मोबाइलवर बघायचा.

समजा सातवीतल्या एखादीनं घरी सांगितलं, मला फुटबॉलच्या क्लबात जायचंय. वडील विचारणार, फी किती. आजी म्हणणार, उन्हात काळी पडशील. आई विचारणार, परत कशी येणार? तिघांत नेमका प्रश्न आईचा. फीचं काहीतरी जुळवता येतं, आजीचीही समजूत निघते. संध्याकाळी साडेसहाला कात्रजहून सारोळ्याला बारा वर्षांची मुलगी एकटी कशी येणार, याचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. विनाथांबा एसटी इथे थांबत नाही, आणि वडापमध्ये शिरवळच्या कंपन्यांच्या पाळ्यांची गर्दी असते. मुलींच्या क्लबाची खरी पारख इथेच होते, असं मला वाटतं. चेंडू कुणीही आणतो. मुलींच्या नावानं ठरलेली वेळ, ठरलेलं मैदान आणि घरी परतायची सोय या तीन गोष्टी जो देतो, तो क्लब.

हे काही आपल्याच गावाचं दुखणं नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बाया जेवणाच्या सुट्टीत फुटबॉल खेळू लागल्या. प्रेस्टन गावच्या ‘डिक, कर’ कारखान्याच्या मुलींचा संघ इतका गाजला, की २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांची मॅच बघायला ५३ हजार माणसं जमली. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशननं ठराव केला. हा खेळ बायकांना शोभत नाही, असं त्यात म्हटलं होतं. पण बायकांनी खेळू नये असा हुकूम काढायचा अधिकार असोसिएशनला नव्हता. मग तिनं आपल्या क्लबांना सांगितलं, की बायकांच्या सामन्यांना तुमची मैदानं देऊ नका. तेवढ्यानं काम झालं, पन्नासेक वर्षं झालं. खेळ बंद पाडायला बंदी घालावी लागत नाही, मैदान काढून घेतलं की पुरतं.

आपल्याकडे बंदी नव्हती आणि मैदानही नव्हतं. १९७५ साली भारतीय महिला फुटबॉल महासंघ उभा राहिला आणि त्याच वर्षी लखनौला मुलींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पाच वर्षांनी, १९८० च्या जानेवारीत, कोझिकोडला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुली उपविजेत्या ठरल्या. १९८३ ला बँकॉकमध्ये पुन्हा उपविजेत्या. मागे क्लब नाहीत, लीग नाही, तरी आशियात दुसरा नंबर! त्या मुली शिबिरापुरत्या एकत्र यायच्या, खेळायच्या आणि घरी जायच्या. घरी गेल्यावर रोज खेळायला जागा कुठे होती? पुढे महिला फुटबॉल अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या छत्राखाली आलं, आणि महिलांची पहिली राष्ट्रीय लीग सुरू व्हायला २०१६-१७ चा हंगाम उजाडला. पुरुषांची राष्ट्रीय लीग १९९६ पासून चालू होती. मधली वीस वर्षं मुलींनी काय करायचं होतं, ते कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

आता कोल्हापूर. तिथल्या फुटबॉलचं कौतुक करताना आपण सगळे जरा वाहवतो, मीही वाहवतो. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं तिथे पोराला शाळेआधी पाठ होतात. शाहू स्टेडियमवर पेठ विरुद्ध पेठ असा सामना असला की बाजारपेठेत शुकशुकाट. राजघराण्याचा आश्रय आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची शिस्त यांवर हा खेळ तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकला. पण या संघांच्या नावांत ‘तालीम’ आहे, आणि ते नाव उगाच पडलेलं नाही. लाल मातीचा हौद, जोर-बैठका, पेठेचा गणपती आणि फुटबॉल हे सगळं एकाच आवारात वाढलं. तिथे नाव घालायला फॉर्म लागत नाही. पोरगा पेठेत जन्मला की तालमीचा झाला. थोरल्या भावाच्या मागून गेला, चेंडू आणून देता देता संघात आला. त्याच घरातली त्याची बहीणही पेठेतच जन्मते. तिला मात्र तालमीच्या उंबऱ्याच्या आत बोलावणारं कुणी नसतं. देशातल्या इतक्या फुटबॉलवेड्या शहरात मुलींचा खेळ तालमींतून वाढला नाही, तो शाळा-कॉलेजच्या आणि असोसिएशनच्या वाटेनं आला. पुढे एफसी कोल्हापूर सिटी हा महिला संघ भारतीय महिला लीगमध्ये उतरला, ही चांगली गोष्ट झाली. तरी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पुरुषांच्या डर्बीला जेवढा आवाज होतो त्याच्या चौथाई आवाज मुलींच्या मॅचला व्हायचा बाकी आहे.

कोल्हापूरच्या आणखी खाली, कर्नाटकाच्या हद्दीजवळ गडहिंग्लज आहे. तालुक्याचं गाव, पण फुटबॉलचं वेड तेवढंच. याच तालुक्यातल्या बेकनाळ गावची अंजू तुरंबेकर. घर शेतकऱ्याचं. शाळेच्या वयात चेंडू पायाला लागला, महाराष्ट्राकडून खेळली, मग प्रशिक्षक झाली. आशियाई महासंघाचं ‘ए’ लायसन्स तिनं मिळवलं, अखिल भारतीय महासंघात लहान मुलांच्या फुटबॉलच्या कामाची ती प्रमुख झाली आणि पुढे गोव्यातल्या डेंपो क्लबनं युवा विभाग तिच्या हाती दिला. डेंपोसारख्या जुन्या, मानाच्या क्लबात पोरांच्या प्रशिक्षकांवर देखरेख करायला गेली ती बाई बेकनाळची. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की मुलगी खेळाडू म्हणून थांबली तरी खेळातून बाहेर पडली नाही. क्लबात नाव घालणाऱ्या दहा मुलींतली एखादीच राज्याकडून खेळेल. बाकीच्या नऊजणींसाठी पंच, प्रशिक्षक, फिजिओ, क्रीडाशिक्षक अशी दारं आहेत, हे घरात कुणी सांगत नाही.

सारोळ्याहून उलट्या दिशेला, पुण्यात, क्लब पुष्कळ. पुण्याची काजोल डिसूझा २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या महिला विश्वचषकात भारताकडून खेळली. अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील यांच्या गटात आपल्या मुलींनी सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. पण त्या गटात जाऊन उभं राहायलाही आधी कुणीतरी रोज मैदानावर सोडावं-आणावं लागतं.

पुण्यातल्या क्लबात नाव घालायचं म्हणजे काय करायचं? जन्मदाखला, आधार, फोटो, डॉक्टरचा दाखला, पालकांची सही. स्पर्धेत उतरायचं तर महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत नाव चढवावं लागतं, आणि एकदा एका क्लबाच्या नावे नोंद झाली की मधेच दुसऱ्याकडून खेळता येत नाही. गट वयाचे असतात, इयत्तेचे नसतात. चेंडूही वयाप्रमाणे: अगदी लहानांना तीन नंबर, बारा-तेरापर्यंत चार नंबर, पुढे पाच. पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा. नऊ वर्षांच्या मुलीला तो दिला तर ती पायाच्या टोकानं ढकलायला शिकते आणि ती खोड जाता जात नाही. ज्या क्लबात सगळ्या वयांना एकच चेंडू आहे तिथून मुकाट्यानं परत यावं.

विचारण्यासारखं आणखीही आहे, आणि ते विचारायला लाजू नये. प्रशिक्षकाकडे लायसन्स कोणतं? ई किंवा डी असलं तरी सुरुवातीला चालतं, काहीच नसेल तर विचार करावा. मैदानावर बाई कोण असते? संडास आणि कपडे बदलायची खोली आहे का? गटात मुली किती? तीस मुलग्यांत दोन मुली असतील तर दहा-अकरा वर्षांपर्यंत काही बिघडत नाही, उलट पायातली चपळाई वाढते. पुढे त्या दोघींना पास कुणी देत नाही आणि वर्षभरात त्या घरी बसतात. वर्षाला सामने किती खेळायला मिळतात? नुसता सराव हा खेळ नव्हे. आणि चड्डीचा रंग कोणता? हसू नका. इंग्लंडच्या महिला संघानं २०२३ च्या विश्वचषकाआधी पांढरी चड्डी सोडून निळी घेतली ती पाळीच्या धास्तीपायीच. तेरा-चौदाव्या वर्षी खेळ सोडणाऱ्या मुलींना कारण विचारलं तर ‘अभ्यास’ सांगतात. अभ्यास असतोच, पण तेवढाच नसतो.

गुडघ्याबद्दल थोडं. गुडघ्यातला एसीएल नावाचा बंध तुटण्याचं प्रमाण मुलींत मुलग्यांपेक्षा बरंच जास्त आहे. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात, झटक्यात दिशा बदलताना भार चुकतो. फिफानं यासाठी वीस मिनिटांचा वॉर्म-अप बसवला आहे: पळणं, एका पायावर तोल, उडी घेऊन नीट उतरणं. साहित्य काही लागत नाही, दुखापती बऱ्याच कमी होतात. मुलींच्या क्लबात पहिली वीस मिनिटं काय चालतं ते बघून यावं. नुसत्या दोन फेऱ्या मारून मॅच लावत असतील तर प्रशिक्षकाला फुटबॉल येत असेल, पण मुलींना शिकवणं येत नाही.

एवढं सगळं बघूनही आईचा प्रश्न उरतोच. आणि तिथे मला वाटतं, की सारोळ्यासारख्या गावानं पुण्याचा रस्ता धरण्याआधी हरियाणाकडे बघावं. भिवानी जिल्ह्यातलं अलखपुरा हे छोटं गाव. तिथल्या सरकारी शाळेतले सर मुलग्यांची कबड्डी घ्यायचे. बाजूला बसलेल्या मुली म्हणाल्या, आम्हालाही काहीतरी द्या. सरांनी एक फुटबॉल दिला. त्यातून गावातल्या घराघरांतल्या मुली मैदानावर आल्या, शाळेनं शालेय फुटबॉलचा सुब्रतो करंडक जिंकला, गावाचा क्लब महिला लीगमध्ये उतरला आणि कितीतरी जणींना खेळाच्या जोरावर सरकारी नोकऱ्या लागल्या. झारखंडात रांचीजवळ ‘युवा’ संस्थेनं २००९ पासून असंच केलं. तिथल्या मुली २०१३ ला स्पेनमध्ये जाऊन स्पर्धेत तिसऱ्या आल्या. आपल्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन जे सुरू केलं, ते ‘झुंड’ चित्रपटामुळे सगळ्यांना माहीत झालं. त्यांच्या स्लम सॉकर संस्थेत मुलीही खेळतात आणि परदेशात होमलेस वर्ल्ड कपला भारताचा महिला संघही जातो, हे चित्रपटाच्या गडबडीत थोडं मागे राहिलं. या सगळ्या ठिकाणी क्लब मुलींच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ‘परत कशी येणार’ हा प्रश्नच तिथे उठत नाही.

सरकारनं काही केलं नाही असंही नाही. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभर ‘मिशन वन मिलियन’ झालं. शाळांना चेंडू मिळाले, एका दिवशी लाखो मुलं-मुली खेळली. त्यांतले किती चेंडू अजून कपाटात आहेत ते त्या त्या शाळेच्या सरांना ठाऊक. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. आजीची समजूत घालायला या दोन गोष्टी फार उपयोगी पडतात. आजीला सांगायला आणखी एक गोष्ट आहे: जुलै २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ नं हरवून आशियाई चषकाचं तिकीट काढलं. पात्रता फेरी खेळून तिथे जायची आपली ही पहिलीच वेळ.

गावात सुरू करायला अकरा-अकरा जणी लागत नाहीत. पाच-पाच जणी पुरतात, कबड्डीच्या मैदानाहून थोडी मोठी जागा आणि चार नंबरचे दोन चेंडू. ज्या मुली कबड्डीत चढाई करतात त्यांच्याकडे हुलकावणी आधीच असते, खो-खोवाल्यांकडे वळण. अडचण वेळेची. शाळा पाचला सुटते, हिवाळ्यात सहाला अंधारतं, आणि तो एक तास क्रिकेटवाल्या पोरांनी धरून ठेवलेला असतो. आठवड्यातले तीन दिवस तो तास मुलींचा, असा ठराव ग्रामपंचायतीला किंवा शाळा समितीला करता येतो. त्याला निधी लागत नाही, सह्या लागतात. सुब्रतो करंडकात मुलींचा सतरा वर्षांखालचा गट २०१२ पासून आहे. पावसाळ्यात जिल्ह्याच्या फेऱ्या सुरू होतात, तेव्हा नावं जूनमध्येच द्यायला हवीत. मग त्यांतली एखादी खरंच पुढची निघाली तर तिला पुण्याच्या क्लबात घालावं, आणि शनिवार-रविवारसाठी सारोळे, कापूरहोळ आणि नसरापूरच्या तीन घरांनी मिळून एक गाडी लावावी. गाडीत एक जागा आईसाठी ठेवावी.