पाच तास एकेचाळीस मिनिटं

मॅरेथॉन पळून आलेल्या माणसाला वस्तीत पहिला प्रश्न विचारला जातो, "किती वेळ लागला?" जानेवारीतल्या त्या रविवारी दुपारी मी गल्लीत शिरले, तेव्हा नळावरच्या बायका आणि कोपऱ्यावरची पोरं सगळे हेच विचारत होते. गळ्यात पदक होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "नाही जमलं."

बेचाळीस किलोमीटर पळून आलेली बाई 'नाही जमलं' म्हणते, याचं आज हसू येतं. तेव्हा मात्र मोरीचं दार लावून रडले होते.

मी एका रुग्णालयात आयाचं काम करते. पाच वर्षांपूर्वी तपासणीत माझी साखर सीमेवर आली. आई मधुमेहानेच गेलेली, त्यामुळे पोटात गोळा आला. डॉक्टर म्हणाले, चालायला लागा. चालता चालता थोडं पळायला लागले. आमच्या गल्लीत पाणी सहाला येतं, म्हणून साडेचारला उठायचं, मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि हंडे भरायला परत यायचं. तो एक तास दिवसातला माझा एकटीचा असायचा. कुणी हाक मारायचं नाही, काही मागायचं नाही.

आधी दहा किलोमीटरची शर्यत केली, मग एकवीसची. तेव्हा मैदानावर कुणीतरी म्हणालं, "पूर्ण मॅरेथॉन पाच तासांच्या आत केली, तरच ती खरी." ते डोक्यात बसलं. भिशीच्या पैशातून नाव नोंदवलं. गल्लीतल्या पोरांनी भिंतीवर खडूने मोठा '५' काढला. त्या दिवसापासून माझं पळणं म्हणजे दुसरी ड्यूटी झाली. रोज घड्याळ बघायचं आणि रोज कालच्यापेक्षा जोरात पळायचं. दम लागला की स्वतःलाच बोल लावायचा, 'आळशी झालीस तू.'

तीस किलोमीटरनंतर

पाच तासांत पोचायचं तर प्रत्येक किलोमीटर साधारण सात मिनिटं सहा सेकंदांत व्हायला हवा. पहाटेच्या अंधारात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघालो. गर्दी, वाजंत्री, गार वारा, पाय अगदी हलके. अर्धं अंतर दोन तास वीस मिनिटांत झालं, ठरवल्यापेक्षा दहा मिनिटं आधी. वाटलं, दहा मिनिटं गाठीला बांधली. चूक तिथेच झाली.

आपलं शरीर स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा ठेवतं. जोरात पळालं की हा साठा भराभर जळतो. बहुतेकांचा तो तीसएक किलोमीटरच्या आसपास संपत येतो. मग शरीराला मुख्यतः चरबीवर चालावं लागतं आणि चरबीतून ताकद हळू मिळते. म्हणून सुरुवातीला वाचवलेलं एक मिनिट शेवटी चार मिनिटं घेऊन जातं. त्यात ऊन चढलेलं, हवा दमट. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर येतो. तिथे पाय दगडासारखे झाले. मी चालायला लागले. रस्त्याच्या कडेला एका आजींनी हातावर चिक्की ठेवली, ती खात खात चालले. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा पाच तास एकेचाळीस मिनिटं झाली होती.

घड्याळाने न सांगितलेली गोष्ट

पुढचे सहा आठवडे बूट खाटेखालीच राहिले. पदक पिठाच्या डब्यामागे ठेवलं. पण थकवा काही जाईना. कामावर दोन जिने चढले की धाप लागायची. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "रक्त तपासून घे." हिमोग्लोबिन निघालं ९.८. बाईचं ते निदान १२ असावं लागतं.

रिपोर्ट हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. फुफ्फुसातला प्राणवायू स्नायूंपर्यंत पोचवायचं काम हिमोग्लोबिन करतं. तेच कमी असेल तर पायात जोर कुठून येणार? डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसात झालेलं नाही. म्हणजे ज्या महिन्यांत मी स्वतःला आळशी म्हणत होते, त्या महिन्यांत माझं अंग मदत मागत होतं. घड्याळाने किती वेळ लागला ते रोज सांगितलं. का लागला, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. जेवणात हिरवा माठ, सुकट, अंडी, कधी कलेजी. भाजीवर लिंबू पिळायचं, त्याने लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा बंद केला, कारण चहा ते अडवतो.

मावशींबरोबर

मार्चमध्ये शेजारच्या मावशी दारात आल्या. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी त्यांना रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. "एकटीला अंधारात भीती वाटते गं. तू येतीस का?" मी म्हटलं, "मावशी, मी आता पळत नाही." त्या म्हणाल्या, "मग चालायचंच हाय की."

निघालो. घड्याळ घरीच होतं. मावशी सुनेच्या, रेशनच्या, गावाकडच्या गोष्टी सांगत चालायच्या. दोन महिन्यांनी एका पहाटे त्याच म्हणाल्या, "त्या खांबापर्यंत पळू या का?" पदर खोचून पळाल्या, खांबाला हात लावला आणि लहान मुलीसारख्या हसायला लागल्या. मीही हसत होते. पळताना मी शेवटची कधी हसले होते, ते मला आठवेना.

तेव्हापासून एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं. बोलता येईल एवढ्याच वेगाने. जाणकार प्रशिक्षकही हेच सांगतात की बहुतेक पळणं बोलत बोलत होईल असंच असावं. हृदय आणि दम त्यानेच हळूहळू वाढतो. जुलैत माझं हिमोग्लोबिन १२.१ आलं. मावशींची साखर उतरणीला लागली. पदक आता पुन्हा खिळ्यावर लटकतंय.

मोठ्या धावपटूंचंही ठरवलेलं चुकतं. केनियाचा एलिउड किपचोगे २०१७ मध्ये दोन तासांच्या आत मॅरेथॉन पळायला निघाला आणि २५ सेकंदांनी चुकला. २०१९ मध्ये व्हिएन्नात खास आखलेल्या धावेत त्याने ते १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत करून दाखवलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्यालाच शर्यत अर्धवट सोडावी लागली. आणि हे ४२.१९५ किलोमीटर तरी कुठून आले? १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये शर्यत विंडसर राजवाड्यापासून सुरू करून राजघराण्याच्या आसनासमोर संपवायची होती, म्हणून तेवढं अंतर झालं. पुढे १९२१ मध्ये तेच कायम ठरलं. आकडे माणसांनीच ठरवलेले आहेत. त्यांच्यापायी आपली तब्येत आणि आनंद घालवायचा नाही.

पुन्हा बेचाळीस पळेन का? बहुतेक पळेन. पण या वेळी आधी रक्त तपासेन आणि सुरुवात सावकाश करेन. सध्या सकाळी परतताना पोरं विचारतात, "ताई, किती वेळ लागला?" माझ्या आधी मावशीच उत्तर देतात, "पाणी यायच्या आत आलो!"

सुरुवात करणाऱ्यांसाठी

• बीपी, साखर किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा.

• जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. रोज अर्धा तास, पाच दिवस झपझप चाललात तरी तो होतो.

• सतत थकवा, धाप, पांढुरके ओठ किंवा नखं दिसली तर हिमोग्लोबिन तपासा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

• साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये. खिशात साखर किंवा गोळी-बिस्किट ठेवा. घरी आल्यावर पायांना फोड, जखम नाही ना, ते बघा.

• तहान लागेल तसं पाणी प्या. लांब पळताना नुसतं पाणी ढसाढसा पिऊ नका, त्याने रक्तातलं मीठ कमी होतं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बरं.

• बूट महाग नको, पण अंगठ्यापुढे थोडी जागा हवी.

• एकटीला भीती वाटत असेल तर शेजारणीला हाक मारा. तीही कुणाची तरी वाट बघत असेल.