सांधेदुखीच्या गोळ्या: गुण गोळीचा की विश्वासाचा?



आज गुडघ्यांबद्दल बोलू. गटाच्या बैठकीत हल्ली मांडी घालून बसणाऱ्या कमी आणि भिंतीला टेकून पाय पसरणाऱ्या जास्त दिसतात. निंदणी, भातलावणी, डोक्यावरचं पाणी, चुलीपुढचं उकिडवं बसणं, हे सगळं गुडघ्यांनीच सोसलेलं असतं. म्हणून ‘सांध्यांचं वंगण वाढवणारी’ गोळी कुणी दाखवली, की आपण लगेच ऐकतो. काही ताई त्यासाठी गटातून कर्जही मागतात. तेव्हा ही गोळी खरंच काम करते का, ते समजून घेऊ.

अशा डब्यांवर बहुतेक वेळा दोन नावं असतात: ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, तिच्याशी संबंधित हे पदार्थ. कूर्चा झिजली, तर तेच पदार्थ खाऊन ती भरून निघेल, असा हिशेब. ऐकायला पटतो. पण गोळी पोटात पचते, रक्तात मिसळते. भिंत लिंपावी तशी ती गुडघा लिंपत नाही.

अमेरिकेत सरकारी खर्चानं याची मोठी तपासणी झाली. २००६ साली निकाल छापून आले. गुडघेदुखीच्या १,५८३ रुग्णांचे पाच गट केले. एका गटाला औषधच नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी दिली. कोणाला काय मिळतंय, हे रुग्णांना आणि डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. २४ आठवड्यांनी पाहिलं, तर दोन्ही पदार्थ घेणाऱ्या १०० पैकी सुमारे ६७ जणांना बरं वाटलं. आणि नुसत्या पोकळ गोळीवर? १०० पैकी ६० जणांना! हा फरक इतका थोडा, की तो गोळीचाच गुण असं म्हणता येईना. जास्त दुखणाऱ्या थोड्या रुग्णांत फरक मोठा दिसला होता. पण २०१० मध्ये दहा अभ्यासांतल्या ३,८०० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हाही म्हणावा असा उपयोग आढळला नाही.

मग त्या ६० जणांचं दुखणं खोटं होतं का? मुळीच नाही. गुडघेदुखी कमी-जास्त होतच असते. फार दुखतं तेव्हा आपण गोळी सुरू करतो, आणि पुढे ते आपोआप थोडं उतरतं. शिवाय कुणी लक्ष देतंय, उपाय चाललाय, या विश्वासानंही वेदना कमी जाणवते. सासूबाई ‘मला गुण आला’ म्हणाल्या, तर त्यांना हसू नका.

पण पैशाचा हिशेब करा. महिन्याला ८०० रुपये धरले, तर वर्षाचे ९,६०० झाले. त्यापेक्षा हे करून पाहा:

• खाटेवर किंवा खुर्चीवर बसून एक पाय सरळ करा, पाच अंक मोजा, खाली घ्या. प्रत्येक पायानं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचे स्नायू बळकट झाले, की गुडघ्याचा भार हलका होतो.
• वजन जास्त असेल तर थोडं उतरवा. एक किलो कमी झालं, की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो.
• उकिडवं बसण्याऐवजी स्टूल किंवा उंच पाट घ्या.

गोळी घ्यायचीच असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. ग्लुकोसामाइन बरेचदा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतं. त्याची ॲलर्जी असेल तर सांगा. रक्त पातळ करणारी वॉरफरिन गोळी चालू असेल, तर विचारल्याशिवाय घेऊच नका. तीन महिन्यांत फरक नाही पडला, तर बंद करा. मात्र डॉक्टरांनी दिलेली संधिवाताची औषधं मनानं सोडू नका. आणि नाव-पत्ता नसलेल्या पुड्या नकोतच. अशा पुड्यांत स्टेरॉईडची भेसळ सापडलेली आहे.

सांधा लाल होऊन सुजला, ताप आला, किंवा सकाळी बोटं तासाहून जास्त वेळ आखडून राहिली, तर दवाखाना गाठा. येत्या बैठकीत हप्ता गोळा झाला, की सगळ्याजणी मिळून तो पायाचा व्यायाम करू या.